सरकला तर कापडाचा

दोष थांबला.

कापड चालले होते. खालच्या ताग्यावरून निघून तिरक्या काचेवर चढत होते, काचेमागच्या दिव्यांचा उजेड त्यातून गाळून बाहेर येत होता, आणि वरच्या रुळावरून पलीकडे जाऊन ते पुन्हा गुंडाळले जात होते. दोष मात्र होता तिथेच उभा होता. काचेच्या मध्यापासून जरासा डावीकडे. शर्टाच्या बटणाएवढा, लुकलुकणारा.

तिने खूण करायला खडू उचलला होता. तो तिने परत डगल्याच्या खिशात टाकला.

सरकला तर कापडाचा. थांबला तर माझा.

हा नियम तिने स्वतःपुरता केला होता आणि कुणाला सांगितलेला नव्हता. विणीतली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग, यांतले काहीही असले तरी ते कापडाबरोबर वर जाते. जे जात नाही ते कापडात नसते.

"काय गं, खडू का ठेवलास परत?" शेजारच्या टेबलावरून रेडिओने विचारले. दिवे लागले की सुरू व्हायची आणि दिवे मालवले की थांबायची, म्हणून तिचे नाव रेडिओ पडले होते.

"वाटलं काहीतरी. नव्हतं."

"तुला वाटलं आणि नव्हतं? आज सूर्य कुठून उगवलाय बघायला पाहिजे."

तिला स्वतःला गिरणीतले सगळे तपासणीखाते घार म्हणत असे. आकाशातून घारीला उंदीर दिसतो तसा हिला चालत्या कापडातला तुटका धागा दिसतो, असे साहेब नव्या माणसांना सांगत. नवी माणसे तिच्या डोळ्यांकडे बघत. साधेच डोळे होते, थोडे थकलेले.

ठिपका आता उमलू लागला होता. त्याला दाते फुटले. करवतीचे पाते वाकवून अर्धवर्तुळ करावे आणि त्यावर कुणी विजेचा दिवा सतत हलवत ठेवावा, तसे ते दिसत होते. कड चमकत होती. कडेच्या आत काय होते? घारीने रेडिओकडे बघितले. पांढरा डगला होता, गळ्यात अडकवलेली कात्री होती, एक कान होता, बोलणारे निम्मे तोंड होते, आणि

 

 

उरलेल्या जागी काळे नव्हते, पांढरेही नव्हते. तिथे जागाच नव्हती.

"ऐकतेयस ना?" निम्मे तोंड म्हणाले.

"ऐकतेय."

यावर तिने कधीचा उपाय शोधून ठेवला होता. मान जरा वळवायची, ते भोक कापडाच्या बाहेर टाकायचे आणि कडेच्या नजरेने काम चालू ठेवायचे. करवत वाढत वाढत बाहेर निघून जाते. मग डाव्या भुवईच्या आत दुखू लागते, पण दुखणे कुणाला दिसत नाही. दुखणे घेऊन काम करता येते.

 

दोरा

खात्यात प्रत्येकीचा एक रंग होता. रेडिओचा पिवळा, घारीचा निळा. तपासता तपासता टेबलावरून उठायचे झाले, जेवायला, पाण्याला, पाळी संपली म्हणून, की कापड थांबवून काठाला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. त्याचा अर्थ, इथपर्यंत मी बघितले आहे. पुढची बाई तिथून सुरू करी. तागा संपला की शेवटच्या काठालाही दोरा. तो दोरा कापडाबरोबर शिवणाऱ्यांकडे जाई आणि तिथे कात्री लागेपर्यंत लोंबत राही.

दुसरीच्या दोऱ्याला कुणी हात लावत नसे. तसे कुठे सांगितलेले नव्हते, पण नसे.

म्हणून साहेबांनी परत आलेला तागा तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा तिने दोष बघायच्या आधी काठ बघितला. निळा दोरा होता.

"कोटाचं कापड," साहेब म्हणाले. ते आवाज चढवणारे नव्हते. चढवला असता तर बरे झाले असते. "पाठीचा तुकडा कापला शिवणाऱ्यांनी, आणि हे बघ."

हातभर लांबीची तिरपी ओळ होती. ताण्यातले दोन उभे धागे एकमेकांवर चढून चकाकत होते. आंधळ्यालाही दिसले असते.

"माझ्या हातून सुटलं," ती म्हणाली.

"ते दिसतंच आहे. का सुटलं ते विचारतोय."

तिने निळा दोरा बोटाने सरळ केला.

"घारीलाही मोतीबिंदू होत असेल," साहेब जरा हसत म्हणाले. "वय कुणाला सुटलंय? डोळे तपासून घे. डॉक्टरची चिठ्ठी आण. चष्मा लागला तर लागला, आणि जास्तच काही असेल तर घडीखात्यात बघू. तिथे बसून काम असतं."

घडीखात्यात ताग्यांना कागद गुंडाळत. तिथे डोळे लागत नाहीत.

साहेब गेल्यावर रेडिओ म्हणाली, "घडीखात्यात गेलेली बाई परत आलेली बघितलीयस कधी? तिची घडीच बसते. चष्मा लागू दे म्हणावं. चष्मा लागला तर मी पेढे वाटीन."

 

का सुटलं

साहेबांना न सांगितलेले उत्तर असे होते.

त्या दिवशी यंत्राचा पट्टा घसरला आणि कापडच थांबले. तिने थांबवले नव्हते. पट्टा चढवायला माणूस गेला होता. ती काचेसमोर बसून होती, आणि समोर एक तिरपी, चकचकीत ओळ होती.

कापड थांबलेले. ओळ थांबलेली.

थांबला तर माझा.

आदल्या रात्री झोप झाली नव्हती. झोप झाली नाही की करवत येतेच. आली, असे तिला वाटले. आत्ता दाते फुटतील, आत्ता रेडिओचे निम्मे तोंड जाईल. तिने डोळे मिटून घेतले, थोडा वेळ, पहिला झटका ओसरेपर्यंत. तेवढ्यात पट्टा चढला. कापड चालू लागले आणि ओळ रुळावरून पलीकडे गेली. तिने डोळे उघडले तेव्हा समोर स्वच्छ कापड होते, करवत नव्हती, आणि तिला केवढे बरे वाटले होते.

बरे वाटले होते, हे तिला राहून राहून आठवत होते.

 

वायरिंग

घारीचा नवरा गेल्यापासून आई तिच्याकडे राहायला आली होती. आईला डाव्या डोळ्याने दिसत नव्हते आणि उजव्याने नको तेवढे दिसत होते.

"तोंड का असं? साहेब बोलला काही?"

"डोळे तपासून घे म्हणाला."

"कधीतरी म्हणायचाच होता. डोकं दुखतंय का?"

"नाही."

"दुखतंय. भुवई चढलीय तुझी. माझं डोकं तुला आलं, नाक मात्र बापाचं आलं. उलटं झालं असतं तर चारचौघांत उठून दिसली असतीस."

घार भांडी पुसत होती. आई पाठीमागे खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. शेंगा न बघता सोलता येतात, म्हणून हे काम आईकडे होते.

"आई, तुझा डोळा गेला तेव्हा..."

"किती वेळा ऐकशील?"

आईची ती गोष्ट पाहुण्यांत प्रसिद्ध होती. घारीने ती लहानपणापासून ऐकली होती आणि इतरांबरोबर हसली होती. "अंघोळ करत होते," आईने सुरुवात केली. "दोन दिवस डोकं ठणकत होतं. साबण गेला उजव्या डोळ्यात, म्हणून उजवा झाकला. तर दिवा गेला. हात काढला, दिवा आला. परत झाकला, परत गेला. मला वाटलं वायरिंग बिघडलंय. ओरडून तुझ्या बापाला वायरमन आणायला पाठवला. तो बिचारा आला, शिडीवर चढला, म्हणतो, बाई, दिव्याला धाड भरली नाहीये."

नेहमी इथे सगळे हसत. आज दोघीही हसल्या नाहीत.

"आधी कळलंच नाही तुला?"

"कसं कळणार? एक डोळा दुसऱ्याचं काम करत राहतो, बोलत नाही. कधी गेला देव जाणे. महिना झाला असेल, वर्ष झालं असेल. झाकला म्हणून कळलं." आईने एक शेंग फोडली. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी डोळा झाकला आणि कवडीमोल झाले. नसता झाकला तर आजही दोन्ही डोळे असते मला."

घारीने पुसलेले ताट पुन्हा पुसायला घेतले.

करवत दिसू लागल्यापासून तिने एक डोळा कधी झाकला नव्हता. तोंड धुताना ती दोन्ही डोळे एकदम मिटायची. सुईत दोरा ओवताना सगळे एक डोळा बारीक करतात, ती दोन्ही उघडे ठेवायची. एका डोळ्यात कचरा गेला तरी दोन्ही बंद. कुशीवर झोपताना उशी गालाखाली येईल, डोळ्यावर येणार नाही, अशी सरकवायची. याला नाव देण्याची गरज तिला पडली नव्हती. माणसे अंधाऱ्या जिन्याकडे बघत नाहीत, तसे ती करत होती.

 

दवाखाना

काळ्या चमच्यासारखी पट्टी होती. तपासणारी मुलगी म्हणाली, "उजवा झाका."

घारीने पट्टी हातात घेतली.

"उजवा, मावशी."

"हो."

"डोळ्यावर ठेवायची. लागत नाही काही."

मागे रांग होती. कुणीतरी खोकले. घारीने पट्टी उचलली, गालापर्यंत आणली, आणि मग, पाण्यात उडी मारायच्या आधी घ्यावा तसा श्वास घेऊन, उजवा डोळा झाकला.

दिवा गेला नाही. समोर अक्षरे होती. मोठी, मधली, बारीक. ती वाचत सुटली, मुलगी "बास, बास" म्हणाली तरी शेवटच्या ओळीपर्यंत. मग डावा झाकला. तीच अक्षरे. तीही तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

डोळ्यांत थेंब टाकले. भिंती वितळल्या. मोठा झालेला उजेड घेऊन ती डॉक्टरबाईंसमोर बसली.

डॉक्टर: डोकं दुखतं का?
ती म्हणाली: कधीतरी. सगळ्यांचंच दुखतं.
खरे असे: नेमाने. डाव्या भुवईच्या आत, कुणी आतून अंगठा दाबावा तसे.

डॉक्टर: डोळ्यांपुढे काही चमकतं? करवतीच्या दात्यांसारखं?
ती म्हणाली: नाही.
खरे असे: करवत हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ती खुर्चीत ताठ झाली होती. तिला वाटत होते तो शब्द तिचा एकटीचा आहे.

डॉक्टर: घरात कुणाची नजर गेलीय?
ती म्हणाली: आईचा एक डोळा. वयानं.
खरे असे: आई तेव्हा आजच्या तिच्याहून लहान होती.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हनुवटी इथे टेका. आतला फोटो काढू."

पांढरा लोळ उठला आणि विझला. मग पडद्यावर एक तांबूस गोल आला. पिकल्या फळाच्या रंगाचा. त्यात एका बाजूला फिकट चकती होती, आणि चकतीतून लाल रेघा निघून वर, खाली, कडेला फुटत गेल्या होत्या. जाड रेघेची बारीक, बारकीची आणखी बारीक, शेवटी डोळ्याला लागू नये इतकी.

घार नकळत पुढे वाकली. आयुष्यभर ती कापडापुढे जशी वाकली होती, तशीच.

"हे कुणाचं?"

"तुमचंच. डावा डोळा, आतून. या रक्तवाहिन्या."

इतके बारीक सूत तिने कधी बघितले नव्हते. काठ नव्हता, उभे-आडवे नव्हते, तरी ते विणलेले होते. ती बघत राहिली. चित्र हलत नव्हते. कुठे सरकणार? कुणी गुंडाळत नव्हते.

थांबला तर माझा.

"मघाशी मी खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तिन्ही."

डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आता खरं सांगा."

तिने सांगितले. करवत, भोक, निम्मे तोंड, भुवई, साबण, वायरमन. वायरमनवर डॉक्टरबाईंना हसू आले आणि त्यांनी ते आवरले.

"याला मायग्रेन म्हणतात. डोकेदुखीचाच एक प्रकार. ज्यांना आधी असं चमकताना दिसतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते मेंदूमुळे दिसतं, म्हणजे दोन्ही डोळ्यांना एकदम. त्रास असतो, पण डोळा सुरक्षित असतो. थोड्या लोकांत मात्र वेगळं होतं. या ज्या रेघा बघताय, त्या अशा वेळी आकसतात. मागच्या पडद्याला रक्त कमी पोचतं, आणि त्या एकाच डोळ्यापुढे भोक पडतं. बहुतेक वेळा परत भरून येतं." त्या थांबल्या. "बहुतेक वेळा."

"आईचं भरलं नाही."

"आईचं काय झालं ते आता सांगता येणार नाही. असंच झालं असेल, नसेलही." त्यांनी पेनाच्या टोकाने पडद्यावर एक रेघ दाखवली. "ही इथे जरा अरुंद वाटते मला. जन्मापासूनचीही असू शकते. नुसत्या फोटोवरून मी काही ठामपणे म्हणणार नाही. मला एकच गोष्ट कळली पाहिजे आणि ती तुम्हीच सांगू शकता. ती करवत दोन्ही डोळ्यांत असते की एकाच?"

"कसं कळायचं?"

"चालू असताना एकेक डोळा झाकून बघायचं. कधी बघितलंत?"

घारीने मान हलवली.

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

त्यावर तिच्याकडे उत्तर होते, पण ते डॉक्टरला सांगण्यासारखे नव्हते.

"पुढच्या वेळी बघा. दोन्हीत असेल तर सावकाश या, औषध देते. एकातच असेल तर हातातलं काम टाकून त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. नजर चांगली, चष्म्याची गरज नाही. "कामावर एवढंच विचारलंय, एवढंच लिहिलंय. बाकीचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

घरी आल्यावर आईने विचारले, "झाकायला लावला?"

"हो."

"मग?"

"दिसलं."

आई हलक्या आवाजात म्हणाली, "दोन्हींनी?"

"दोन्हींनी."

आईने पदराने तोंड पुसले, आधी उजवा डोळा, मग डावा, दोन्ही सारख्याच काळजीने. "मग उगीच घाबरवलंस मला," ती म्हणाली. "जा, चहा टाक."

पुढच्या वेळचे घारीने सांगितले नाही.

 

वाट

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "नजर चांगली. मग तागा सुटला कसा?"

"लक्ष नव्हतं."

"तुझं? लक्ष नव्हतं?" त्यांनी चिठ्ठी टाचणीने लावून ठेवली. डोळ्यांपेक्षा हे उत्तर त्यांना जास्त लागले होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

ती टेबलावर बसली. कापड चालू झाले.

करवत येत नव्हती. आधी ती नको असताना येई, आता यायला हवी होती आणि येत नव्हती. काचेवर माशी बसली तरी घारीचा पाय थांबवायच्या पट्टीवर जाई. माशी सरकली, म्हणजे माशीचीच. दिव्यातली एक नळी फडफडू लागली तेव्हा ती कापड थांबवून नळीकडे बघत बसली, आणि रेडिओ म्हणाली, "तुझी नजर चांगली निघाली तेव्हापासून तू बिघडलीयस."

"झोप होत नाही."

"मला सांग तरी काय झालंय ते. मी काय कुणाला सांगणार आहे?"

दोघींनी एकमेकींकडे बघितले. आधी रेडिओला हसू फुटले.

"बरं, सांगेन," रेडिओ म्हणाली. "पण कमी लोकांना."

घार पण हसली. हसताना वाटले, सांगावे. पण सांगायचे काय? की मी दोन हात लांब असलेल्या एका प्रश्नासमोर बसले आहे, आणि त्याचे उत्तर हाताच्या तळव्याएवढे आहे? तळवा उचलायचा, ठेवायचा. एवढेच. आणि ते उत्तर चुकीचे निघाले तर हे टेबल गेले, हा डगला गेला, घार हे नावही गेले. घडीखात्यात बसलेल्या बाईला घार कोण म्हणेल?

न झाकता आणखी काही वर्षे निघाली असती. आईची निघाली होती.

पण दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती रात्री नव्हे, भर कामात सुचत होती. आईला कुणी सांगितले नव्हते. आईला फक्त साबण भेटला होता. घारीला सांगितले होते.

 

दोष थांबला

दुपारच्या जेवणानंतरची वेळ. करडे कापड, बारीक वीण, कोटाचेच. घारीचे पोट भरलेले होते, झोपही बरी झाली होती, काही कारण नव्हते. काचेच्या मध्यापासून जरासा डावीकडे एक ठिपका होता. कापड वर गेले. ठिपका

 

राहिला.

तिने वाट बघितली. दाते फुटले. कड लकाकू लागली. मान वळवायची, भोक बाहेर टाकायचे आणि कडेने बघत राहायचे, हे मानेला पाठ होते. मान वळूही लागली होती. तिने ती परत सरळ केली.

पायाने पट्टी दाबली. कापड थांबले.

यंत्राचा आवाज एका टेबलाने कमी झाला की खात्यात सगळ्यांना कळते. रेडिओने बघितले. पलीकडच्या दोघींनी बघितले. काचेच्या खोलीतून साहेबांनीही मान वर केली असावी. घारीने तिकडे बघितले नाही.

आता कापड उभे होते आणि करवतही उभी होती. नियम उपयोगाचा नव्हता.

तिने उजवा हात उचलला आणि तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला.

करवत होती. डाव्या डोळ्यापुढे, तशीच, दाते परजून.

"काय गं," रेडिओ म्हणाली, "कुणाला डोळा मारतेस?"

घारीने हात काढला. डावा हात उचलला. तो जड होता असे नाही, पण त्याला वेळ लागला. तिने डावा डोळा झाकला.

कापड.

करडे, बारीक विणीचे, काठापासून काठापर्यंत. प्रत्येक धागा आपापल्या जागी. एकही दोष नाही. ती त्या स्वच्छ कापडाकडे बघत राहिली, आणि इतके निर्दोष कापड आपण आयुष्यात बघितले नाही असे तिला वाटले.

पुन्हा उजवा झाकला. करवत. पुन्हा डावा. कापड.

रेडिओ बोलायची थांबली होती.

घारीने टेबलाच्या कडेला अडकवलेली रिळे चाचपली. निळा दोरा ओढून काढला, कात्रीने तोडला. मग हात काढून दोन्ही डोळ्यांनी काठ बघायचा प्रयत्न केला, भोक आडवे आले, म्हणून परत डावा झाकला आणि दोऱ्याचे एक टोक दातात धरून एका हाताने गाठ मारली. पहिली सुटली. दुसरी बसली. तिने ती ओढून बघितली, नेहमीसारखी.

साहेब येऊन उभे होते.

"काय झालं?"

"इथपर्यंत माझं," ती म्हणाली. "याच्यापुढचं दुसऱ्या कुणाला द्या."

"बरं नाही का वाटत? बस जरा, पाणी पी."

"साहेब, तो तागा सुटला ना, तेव्हा लक्ष होतं माझं." तिने हात डोळ्यावरून काढला नाही. "लक्ष होतं. डोळा चुकला. डावा. दवाखान्यात जाते आता. आजच बोलावलंय, उद्या चालणार नाही."

साहेबांनी काचेकडे बघितले, दोऱ्याकडे बघितले. घडीखात्याविषयी ते काही बोलले नाहीत. ती बोलायची वेळ नव्हती, आणि ती वेळ येणार हे दोघांनाही माहीत होते. "कुणाला बरोबर देऊ?"

"नको. एकानं दिसतंय."

तिने डगला काढून खुंटीला अडकवला. दाराशी गेल्यावर भुवईच्या आत दुखायला सुरुवात झाली. ती वळली. रेडिओ आपल्या टेबलावरून उठली होती आणि घारीच्या टेबलासमोर येऊन बसली होती, खुर्चीच्या टोकावर, पाहुण्यासारखी. दोऱ्याला हात न लावता तिने काठ नीट केला आणि पायाने पट्टी पुन्हा दाबून कापड सुरू केले.

घार डावा डोळा झाकून उभी राहिली. निळा दोरा हलला, काचेवर चढला, रुळावरून पलीकडे गेला.